वाकलेलं कार्ड चालत नाही

९ मार्च, जेवणाची सुट्टी

ती. आत्या,

तुला पत्र लिहायचं मी टाळलं, हे आधीच कबूल करून टाकते. एक-दोन दिवस नाही, चांगले पाच महिने टाळलं. आधी शाई नव्हती. शाई आणली तर तुझा पोस्टाचा पत्ता लिहिलेला चिठोरा सापडेना. तो सापडला (बुटात होता, खिळा टोचत होता म्हणून मीच घातला होता), तर वाटलं, आता इतका उशीर झालाच आहे तर काहीतरी सांगण्यासारखं घडेपर्यंत थांबू. ते घडलं. मला नोकरी लागून तीन महिने झाले आणि अजून मी तिथेच आहे. सोडावॉटरच्या कारखान्यात मी अकरा दिवस टिकले होते, सर्कशीच्या तिकीटखिडकीत महिनाभर. तिथल्या हत्तीची गोष्ट एकदा सांगायचीय, पण आत्ता नको, भरकटेन.

तू हातात जे धरलंयस तो कागद नाही, कार्ड आहे. भोकं उंदराने पाडलेली नाहीत, मी पाडली आहेत. जिथे भोक आडवं आलं तिथे शब्दाला वळसा घातलाय, तेवढं सांभाळून घे.

आमचं ऑफिस शिरगणतीचं. तुझ्यासारखे मास्तर-मास्तरणी घरोघर फिरून जे तक्ते भरतात ते सगळे आमच्याकडे येतात. एका हॉलमध्ये आम्ही चाळीस जणी. समोर तक्ता, हाताखाली कळा. एका माणसाचं एक कार्ड. पुरुष का बाई, याचं एक भोक. वयाची दोन. लग्नाचं एक. धंद्याची दोन. गावाची चार. बस, माणूस संपला. म्हणजे कार्डावर मावला. दिवसभर अशी कचकच चालते की संध्याकाळी जिना उतरतानाही पावलं त्याच तालात पडतात. भोकांतून पडलेले इवले इवले तुकडे केसांत अडकतात. माझी घरमालकीण म्हणते, तुझ्या डोक्यात कोंडा झालाय, तेल लाव.

कार्डं मग पलीकडच्या खोलीत जातात. तिथे एक यंत्र आहे, त्याला आम्ही खादाड म्हणतो. एका मिनिटात चारशे कार्डं गिळतं आणि पुरुष एका कप्प्यात, बायका दुसऱ्या कप्प्यात, अशी वेगळी काढून आकडा दाखवतं. तुम्ही म्हणे मागच्या वेळी हाताने मोजत होतात, आणि मोजून होईपर्यंत निम्मी माणसं म्हातारी झाली होती.

गेल्या महिन्यात माझ्यापुढे एक तक्ता आला आणि मी हललेच. ते अक्षर! ‘ळ’ला इतकी मोठी गाठ जगात एकच बाई घालते. तुझं गाव, आत्या. तू मोजलेली पाचशे तीन माणसं मी एकटीने कार्डांवर पाडली. मागच्या आठवड्यात खादाडाने तो गठ्ठा मोजला, तर बरोबर पाचशे तीन. आता मोजून झालेली कार्डं नुसती फडताळात पडून असतात. माझ्याकडे कागद नव्हता. म्हटलं, आत्याला तिचीच माणसं पाठवू. वरची नऊ उचलली. त्यात एक तू आहेस. बघ सापडतेस का.

नववं कार्ड संपत आलं. घंटा झाली.

तुझी,
भिंगरी

●

१८ मार्च

भिंगरे,

आशीर्वाद मागाहून, आधी रागावून घेते.

पाच महिने! मी पोस्टमास्तरीणबाईंना रोज विचारायचे, त्या रोज मान हलवायच्या. शेवटी शेवटी त्या मला लांबून बघूनच मान हलवायला लागल्या. आणि पत्र आलं ते असं. नऊ कार्डांपैकी एकावरही आकडा टाकलेला नाहीस. मी पहिल्यांदा वाचलं त्यात हत्ती जिना उतरत होता आणि तुझ्या डोक्यात सोडावॉटर होतं. मग घड्याळजी आजोबा आले, त्यांनी भिंग लावून कार्डं पत्त्यांसारखी लावून दिली. वय एक्याण्णव, कंबर वाकून काटकोन झालीय, पण डोकं चालतं. तू आठवी सोडलीस तेव्हा मी काय म्हणाले होते? निदान पानावर आकडा टाकायला शिकून जा, म्हणाले होते.

पण खरं सांगते, तू लिहिलेले ते पाचशे तीन वाचले आणि मला रडू आलं. तुला कल्पना नसेल म्हणून लिहिते. पाचशेच्या वर वस्ती असली तर आम्हाला कायमचा डॉक्टर मिळतो. गावात राहणारा. आता येतो तो दर दुसऱ्या गुरुवारी, तेही नदीची मर्जी असेल तर. नावाड्याची नात गेल्या वर्षी नावेत जन्मली, ऐन मधोमध. नावाड्याने वल्ही सोडून डोळे मिटून घेतले होते आणि नावाडीणबाई एकीकडे लेकीचं बाळंतपण करत होत्या आणि दुसरीकडे नवऱ्याला शिव्या देत होत्या. आई आणि बाळ दोघी वाचल्या, ते नशीब. म्हणून मी या वेळी एकही उंबरा सोडला नाही. खोकला झालेलं एकही माणूस गावाबाहेर जाऊ दिलं नाही. डॉक्टरांच्या घराला चुनाही लावून झालाय.

मी स्वतः पलीकडे जाऊन कचेरीत तगादा लावला असता, पण तुला ठाऊक आहे. बावीस वर्षांपूर्वी नाव कलंडली, माझा एक बूट आणि सबंध शाळेचा हजेरीपट वाहून गेला, तेव्हापासून माझं आणि नदीचं बोलणं बंद आहे.

आता ती भोकं कशी वाचायची ते लिहून पाठव. नीट. कागदावर. पानांवर आकडे टाकून.

आत्या

●

२७ मार्च

(पान एक)

ती. आत्या,

हा बघ कागद. हा बघ आकडा.

भोकं वाचणं सोपं आहे. कार्ड असं धर की कापलेला कोपरा वर डावीकडे येईल. पहिले चार उभे रकाने गावाचे. पाचवा पुरुष-बाईचा: एकवर भोक असेल तर पुरुष, दोनवर असेल तर बाई. सहावा-सातवा वयाचा. आठवा लग्नाचा: एक म्हणजे लग्न न झालेले, दोन म्हणजे झालेले, तीन म्हणजे जोडीदार गेलेले. नववा-दहावा धंद्याचा, त्याची यादी सोबत जोडलीय. नव्याण्णव म्हणजे ‘इतर’. ज्यांचं काय करायचं ते साहेबांना सुचलं नाही ते सगळे इतर.

(पान दोन)

आमच्याकडे खादाडाचा एक मिस्त्री आहे. त्याने मला सांगितलं की ही भोकांची युक्ती मुळात विणकरांची. मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लावायची, भोक असेल तिथून सुई आत जाते, नसेल तिथे अडते, आणि कापडावर आपोआप फुलं उमटतात. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की फुलं विणता येतात तर माणसंही मोजता येतील. मी म्हटलं, म्हणजे आपणही एक मोठं कापडच विणतोय की! तो म्हणाला, तू आधी तुझ्या जागेवर जा, मुख्य बाई बघतायत. पण जाता जाता त्याने आणखी एक सांगितलं. म्हणे कुठेतरी एक नवं यंत्र बांधलंय, सबंध खोलीएवढं, त्यात दातेरी चाकं नाहीतच, हजारो काचेचे दिवे आहेत आणि ते दिवे हिशेब करतात. मी विचारलं, दिवा विझला तर? तो म्हणाला, तर त्या दिवशी दोन अधिक दोन किती हे कुणाला कळणार नाही.

(पान तीन)

मिस्त्री सध्या वैतागलाय. एका गठ्ठ्याची पहिली मोजणी आणि दुसरी मोजणी जुळत नाहीये. मला माहीतच नव्हतं की दुसरीही असते! आधी पुरुष-बायका मोजतात, मग त्याच कार्डांवरून वयं, मग त्याच कार्डांवरून धंदे. आमच्या मुख्य बाई, ज्यांच्या चष्म्याची दोरी हलली तरी चाळीस जणी गप्प होतात, त्या म्हणतात खादाडाने कार्डं खाल्ली. मिस्त्री म्हणतो माझ्या यंत्राने आजवर एक कार्ड खाल्लं नाही. त्याने ते दोनदा पूर्ण उघडलं. आतून एक हेअरपिन, अर्धं बिस्कीट आणि माझं हरवलेलं बटण निघालं. कार्डं नाहीत. कुणातरी बिचाऱ्या गावातली माणसं गहाळ झालीत. आम्ही मुली जाम हसलो.

भिंगरी

●

६ एप्रिल

भिंगरे,

भोकं वाचायची तुझी किल्ली मिळाली आणि गावात आग लागली.

मी मूर्खासारखी ती कार्डं शाळेच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचली. माझं लगेच सापडलं: बाई, चोपन्न, लग्न नाही, मास्तरीण. आयुष्य इतकं थोडक्यात बरं दिसतं, पसारा नाही. मग नावाडीणबाईंचं. वय चौतीस. मी वाचलं आणि ओट्यावरचे सगळे त्यांच्याकडे वळले, कारण त्यांची लेक तेवीस वर्षांची आहे आणि त्या लेकीचं बाळ त्यांच्याच मांडीवर होतं. नावाडी म्हणाला, ‘अगं, मग मी तुला शाळेतून पळवून आणलं होतं की काय?’ त्यावर त्या जे बोलल्या ते मी लिहीत नाही.

बँडमास्तरांच्या धंद्याच्या जागी नव्याण्णव. मी म्हटलं, इतर. ते उठून उभे राहिले. ‘तीस वर्षं कॉर्नेट फुंकून मी इतर?’ तेव्हापासून त्यांनी वाजवणं बंद केलंय. याबद्दल गाव तुझं आभारी आहे, पण त्यांच्यासमोर बोलू नकोस.

आणि सगळ्यांत वाईट, शिंपीभाऊ. त्यांच्या आठव्या रकान्यात दोनवर भोक आहे. लग्न झालेले! भिंगरे, त्यांचं आणि आपल्या पोस्टमास्तरीणबाईंचं पुढच्या महिन्यात ठरलंय. बाईंनी कार्ड तीनदा उजेडाला धरून पाहिलं, मग शांतपणे म्हणाल्या, ‘कुठे असते ती?’ शिंपीभाऊ शपथांवर शपथा घेतायत. बाई म्हणतात, सरकारी भोक आहे, खोटं कसं असेल? आता ते टपाल घ्यायला गेले की बाई खिडकी लावून घेतात. मी तक्त्यात ‘अविवाहित’ लिहिल्याचं मला पक्कं आठवतं. बघ जरा.

ज्याचं कार्ड त्याला देऊन टाकलं. बेकरीवाल्याला त्याचं फार आवडलं, म्हणाला, एवढा पातळ आणि टणक पुठ्ठा मिळत नाही कुठे.

आता खरी गोष्ट. कचेरीचं पत्र आलंय. ‘आपल्या वस्तीची अंतिम लोकसंख्या ४९४. दोन मोजण्यांत फरक आल्यास लहान आकडा धरण्यात येतो. हरकत असल्यास ३० एप्रिल सायंकाळी पाचपर्यंत.’ चारशे चौऱ्याण्णव! मी एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजलेली माणसं! माझी नऊ माणसं कुणी खाल्ली? मी तुमच्या मुख्य बाईंना कडक तक्रार लिहून टाकलीय. तूही तिथे कान उघडे ठेव, ही बनवाबनवी कुणाची आहे ते शोधून काढ, आणि त्याला माझ्या वतीने दोन शब्द सुनाव.

आत्या

ता.क. पाकीट चिकटवताना एक शंका आली. तू मला किती कार्डं पाठवली होतीस?

●

१३ एप्रिल

आत्या, नऊ.

नऊ पाठवली होती. ते गहाळ गाव तुझंच. तुझी तक्रार बाईंनी सगळ्या हॉलसमोर मोठ्याने वाचली. ‘माझी माणसं कुणी खाल्ली’ इथे आल्यावर सगळ्या मिस्त्रीकडे बघायला लागल्या आणि मिस्त्री चौथ्यांदा खादाड उघडायला गेला. मी टाचणी शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली गेले ते पाच मिनिटं वर आलेच नाही.

मला खरंच वाटलं होतं की एकदा मोजलं की झालं. मी फक्त भोकं पाडते, पुढे काय होतं ते कुणी सांगतच नाही. पण हे आता कुणाला सांगू?

एकच कर. नऊच्या नऊ कार्डं लगेच परत पाठव. मागे माझं अक्षर आहे ते चालेल, खादाडाला वाचता येत नाही, त्याला फक्त भोकं दिसतात. मी गुपचूप गठ्ठ्यात सरकवून देईन, दुसरी मोजणी पुन्हा लागेल, पाचशे तीन येतील, डॉक्टर येईल आणि कुणाला काही कळणार नाही. पण सपाट पाठव. दोन पाट्यांमध्ये बांधून. घडी नको, सुरकुती नको, ओल नको. वाकलेलं कार्ड चालत नाही, यंत्रात अडकतं आणि मागची सगळी फाटतात.

आणि शिंपीभाऊंचं ते भोक माझी चूक आहे. बोट एक घर खाली घसरलं. माझ्या शेजारची मुलगी पडताळणी करते, तिने पकडायला हवं होतं, पण त्या दिवशी ती शिंकत होती. पोस्टमास्तरीणबाईंना सांग. नाहीतर हे पत्र उघडंच त्यांच्या खिडकीत ठेव.

भिंगरी

●

२० एप्रिल

भिंगरे,

परत पाठवायला कार्डं आहेत कुठे? ऐक.

माझं मी जपून ठेवलंय, पण त्यावर दूध सांडलंय. आजोबांनी त्यांचं कातरून घड्याळाची चकती केली, आता त्यांचं वय बारा ते तीनच्या मध्ये दिसतं. बेकरीवाला त्याच्या कार्डाने पाव भाजायचे पत्रे खरवडतो. नावाड्याने नावेची फट बुजवली, आणि म्हणतो, काढलं तर बुडेन. नावाडीणबाईंनी त्यांचं चुलीत घातलं आणि राख पाण्यात सोडली. बाळाने स्वतःचं कार्ड चघळून लगदा केला. वय शून्य-शून्य होतं, तेवढा एक कोपरा राहिलाय. बँडमास्तरांनी फाडून तुकडे पाकिटात भरले आहेत, ते स्वतः तुमच्या साहेबांच्या तोंडावर फेकणार म्हणतात. शिंपीभाऊंचं पोस्टमास्तरीणबाईंनी पुरावा म्हणून कुलपात ठेवलंय, आणि स्वतःचंही, सोबतीला. तुझं पत्र दाखवलं तर म्हणाल्या, ‘मैत्रिणीची भाची काय वाटेल ते लिहील. सरकारी भोक बदलून दाखवा, मग बघू.’

मी दुधाचं कार्ड इस्त्रीखाली धरून पाहिलं. वाकलं ते वाकलंच.

तेव्हा गुपचूप वगैरे विसर. आता मी बोलते ते नीट वाच. सर्कस, सोडावॉटर, फोटोवाला, वाचनालय, सगळीकडून तू पळालीस. दर वेळी काहीतरी बिघडलं आणि तू पिशवी उचललीस. मी कधी बोलले नाही, कारण तेव्हा बिघडायचं ते तुझं एकटीचं. या वेळी इथे चुना लावलेलं एक रिकामं घर आहे आणि त्याच्यासमोरून नावाडी रोज नातीला खांद्यावर घेऊन जातो. गेल्या आठवड्यात तिला दोन दिवस ताप होता. गुरुवार लांब होता. ताप आपणहून उतरला म्हणून बरं.

उद्याच्या उद्या तुझ्या बाईंसमोर उभी राहा आणि सांग. मग नोकरी सोडायची तर सोड, पण सांगून सोड. मी आले असते तुझ्याबरोबर उभी राहायला. पण ती नदी मध्ये आहे, आणि मी नावेत पाय ठेवणार नाही म्हणजे नाही.

आत्या

●

३० एप्रिल, दुपारचे दोन

(पान एक)

ती. आत्या,

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही हे मला माहीत आहे. पण गप्प बसवत नाही, आणि माझ्या हातून काम काढून घेतलंय, त्यामुळे वेळच वेळ आहे.

तुझं पत्र सत्तावीसला आलं. तू ‘उद्याच्या उद्या’ लिहिलं होतंस. मी दोन दिवस घालवले. पिशवीही भरली होती, खोटं कशाला बोलू. स्टेशनपर्यंत गेलेही. तिथे एक जण पोपटाला स्टेशनांची नावं शिकवत होता, ते बघत तासभर उभी राहिले. पोपटाला सगळी नावं क्रमाने येत होती, फक्त शेवटचं आलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. मी पिशवी उचलली आणि परत आले.

काल सकाळी बाईंच्या टेबलासमोर उभी राहिले.

‘बाई, ती नऊ कार्डं खादाडाने खाल्ली नाहीत.’

‘मग कुणी खाल्ली?’

‘एक बाळाने. एक चुलीत गेलं. एक नावेत आहे, ते काढलं तर नाव बुडेल.’

बाईंनी चष्मा काढला. मी त्यांना बिनचष्म्याचं पहिल्यांदाच पाहिलं. मग मी सगळं सांगितलं, अगदी तुझ्या ‘ळ’पासून. मिस्त्री मागे येऊन कधी उभा राहिला ते कळलं नाही. ऐकून तो जमिनीवरच बसला. पाचव्यांदा उघडलेल्या खादाडाचे स्क्रू त्याच्या टोपीत होते. ती टोपी त्याने माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ‘आता तूच जोड.’

(पान दोन)

मी म्हटलं, बाई, मला काढून टाका, पण त्या नऊ जणांची कार्डं पुन्हा पाडू द्या. तक्त्यावरून लगेच होतील. बाई म्हणाल्या, तक्ते तळघरात होते आणि मार्चमध्ये तिथला नळ फुटला. म्हणजे आत्या, तुझं ते सुंदर अक्षर आता निळं पाणी झालंय.

मग त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. अर्धा तास नुसती पानं उलटत होत्या. शेवटी एक कलम सापडलं. कार्ड आणि तक्ता दोन्ही नष्ट झाले तर त्या व्यक्तीने स्वतः ऑफिसात हजर राहून माहिती द्यावी, मोजणाऱ्याने समोर सही करावी, आणि त्यावरून नवं कार्ड पाडावं.

‘नऊही जणांनी?’

‘नऊही जणांनी.’

‘बाळानेही?’

‘बाळाने बोलायची गरज नाही. हजर असलं म्हणजे झालं.’

‘आणि मोजणाऱ्याने म्हणजे...’

‘तुझ्या आत्याने. उद्या पाचपर्यंत. पाच वाजता गठ्ठ्याला सील.’

मी मोजलं. नाव, मग मोटार, मग आगगाडी: दीड दिवस. कालच तार केली असती तरी तुम्ही पोचला असतात आज रात्री. आणि तार करून लिहायचं काय? ‘नावेत बस’? तुला? मी तारऑफिसच्या दारातून परत फिरले.

(पान तीन)

अडीच वाजले. हॉलमध्ये कचकच चालू आहे. मी कोपऱ्यात बसून खादाडाचे स्क्रू पुसतेय. मिस्त्री अजून बोलत नाही, पण मगाशी चहा माझ्याही पुढे ठेवला. बाई दर दहा मिनिटांनी घड्याळाकडे बघतात आणि मग माझ्याकडे. मला वाटायचं त्या रागाने बघतात. आत्ता त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडेही लहानपणी डॉक्टर गुरुवारीच यायचा,’ आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

आत्या, मला माफ कर. तू नऊ लिहिलेस, मी नऊ पाडले, आणि मीच नऊ पुसले. उद्या सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे निघतेय. पळून नाही. ओट्यावर उभी राहून सगळ्यांना स्वतः सांगेन. आणि चुन्याच्या घरात डॉक्टर नसेल तर...

थांब. खाली काहीतरी गोंधळ चाललाय. कुणीतरी कॉर्नेट वाजवतंय. सरकारी ऑफिसात!

दरवान धापा टाकत वर आलाय. म्हणतो, ‘बाई, खाली नऊ जणांची एक वरात आलीय. एक जण तोंडावर फेकायला साहेब मागतोय. एक शिंपी म्हणतो माझं भोक बदला, आणि त्याच्या शेजारची बाई म्हणते मी बघितल्याशिवाय हलणार नाही. एक बाई विचारतेय वय एकदा सांगितलेलंच लिहायचं असतं का. आणि पुढे एक छत्रीवाली मास्तरीण आहे, गुडघ्यापर्यंत भिजलेली, तिने मला रांगेत उभं केलं.’

‘काय म्हणते ती?’ बाई उठल्याच.

‘म्हणते, वाकलेलं कार्ड चालत नाही ना तुम्हाला? कार्डं वाकली म्हणून मी माणसं आणलीत. त्यातलं एक एक्याण्णव वर्षांचं आहे आणि तेही वाकलेलंच आहे. ते चालतं का सांगा.’

मी खिडकीतून पाहिलं. आत्या, तू. एका पायात बूट आहे, दुसऱ्यात नाही. त्या नदीने याही वेळी एक घेतलाच! काखेत छत्री, कडेवर नावाड्याची नात, आणि तू वर बघून ओरडतेयस, ‘भिंगरे, पानांवर आकडे टाकलेस का?’

टाकलेत, आत्या. हे तिसरं. तीन वाजून दहा मिनिटं झालीत. बाईंनी माझ्या यंत्रावरचं फडकं स्वतः काढलंय आणि कोरी नऊ कार्डं मोजून ठेवलीत. जिन्यावर तुमची पावलं वाजतायत.